युजर टोन : दादा

वडसा, ८ सप्टेंबर

प्रिय दादा,

जय भीम.

होळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. आधी वाटायचं, तूच बोलशील. मग वाटायला लागलं, इतके दिवस गेले, आता काय लिहायचं. दोन्ही कारणं कागदावर उतरवली की लंगडी दिसतात. फोन लावत होते. तो बंद लागतो, आणि मेसेजवर एकच टिक येऊन थांबते. परवा बाजारात लच्छू भेटला. तो हल्ली गॅस सिलिंडरची गाडी घेऊन भामरागडपर्यंत जातो. तू तिकडे तुझ्या मित्राच्या, झिंगूभाऊंच्या घरी राहतोस हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. नदी उतरली की तोच हे पत्र आणून देईल.

कामाचं आधी लिहिते, नाहीतर ते टाळत मी सगळं पान भरून टाकीन.

बिरजूभाऊंनी आपल्या नाटक कंपनीच्या नव्या सीझनचं पोस्टर करायला घेतलं आहे. दसऱ्याला छापायला जाईल. नटांच्या खाली वादकांची नावं, आणि त्यात ‘क्लॅरिनेट : राजदीप’ ही तुझी ओळ. नाटक ठरवायला येणारी गावोगावची मंडळं ती ओळ बोटानं शोधतात, हे मी कितीदा पाहिलं आहे. बिरजूभाऊ म्हणाले, तोवर राजदीप आला तर जागा त्याची. नाही आला तर क्लॅरिनेट मी सिंथेसायझरवर वाजवायची. “पन मशीनमधली पिपानी नाई पायजे. राजदीपचाच आवाज पायजे. तुमी कॉलेजात शिकवता, तुमाले जमते.”

मी म्हटलं, दादाला विचारून सांगते. हे पत्र म्हणजे ते विचारणं.

खरं सांगायचं तर विचारण्याआधीच मी काम सुरू केलं आहे. गेल्या काही सीझनची ध्वनिमुद्रणं माझ्याकडे आहेत. मिक्सरवर तुझा माइक मी वेगळा घेत असे, त्यामुळे तुझा आवाज बाकीच्यांतून सुटा निघतो. त्यातून एकेक सूर कापायचा, कीबोर्डच्या पट्टीवर बसवायचा, मधला स्थिर भाग शोधून त्याचं कडं करायचं, म्हणजे बोट दाबून ठेवलं तितका वेळ सूर चालू राहतो. मागच्या राईस मिलची दुपारची सुट्टी झाली की घरात शांतता असते, तेव्हा हे करते. तुला कळवण्याआधी का सुरू केलं, याचं उत्तर मी स्वतःला दोन प्रकारे दिलं. एक, तुझी जागा दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याकडे जाऊ नये म्हणून. दोन, मला हे करून पाहायचं होतं. दुसरं उत्तर जास्त खरं वाटतं.

शेवटच्या प्रयोगानंतर तू क्लॅरिनेट पेटीत ठेवलीस आणि माझ्या कीबोर्डकडे हात करून सगळ्यांसमोर म्हणालास, “आता हेच वाजवा. मानसाचं का काम.” तेव्हापासून कंपनीत सगळे धरून चालले आहेत की माझ्या मशीननं तुला घालवलं. मीही तेच धरून चालले आहे. म्हणून विचारते: तू येतोस का? येत नसशील, तर तुझा आवाज वापरू का? एका शब्दाचं उत्तर दे.

आई विचारते, दीक्षाभूमीला चंद्रपूरला यंदा येशील का. तू का येत नाहीस असं तिला विचारलं, तर ती तांदूळ निवडत राहिली.

तुझी,
रिना

वडसा, १९ सप्टेंबर

प्रिय दादा,

लच्छू परत आला. पत्र तुझ्याच हातात दिलं म्हणाला. तू वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालास, “तिले म्हनाव, वाजव.”

ही परवानगी की टोमणा, ते मला ठरवता येईना. लच्छूला विचारलं, कसा म्हणाला? रागात? हसून?

“बाई, मी सिलिंडर पोचवतो. घेनाऱ्यानं रागात घेतलं का हसून घेतलं, ते मी नाई पाहत.”

मग जाताना आपण होऊन बोलला की तू खाटेवरच होतास, उठला नाहीस. ते मला लागलं. बहिणीचं पत्र आलं तरी उठावंसं वाटू नये, इतका राग. तरीही मी ‘वाजव’ हा शब्द परवानगी म्हणूनच घेतला. सोयीचा होता म्हणून घेतला असेल, तर तसं स्पष्ट कळव.

टोन झाला आहे. मशीनमधले तयार आवाज वेगळ्या कप्प्यात असतात आणि आपण केलेले ‘युजर’ नावाच्या कप्प्यात जातात. तिथे नाव द्यावं लागतं, अक्षरं थोडीच मावतात. मी ‘दादा’ लिहिलं. हळू दाबलं की तुझा खालचा, लाकडासारखा आवाज येतो. जोरात दाबलं की तो वरचा, किंचित चिरका, ज्यावर बाया डोळे पुसतात. सुराच्या सुरुवातीला जिभेचा जो ठोका असतो, तो राखला. सूर सुटताना तू थोडा खाली सोडतोस, तेही जमवलं. बाकी जे नको ते काढून टाकलं: चाव्यांची खडखड, खुर्चीचं करकरणं, तुझं श्वास घेणं. प्रत्येक सुराच्या आधीचा तो फुस्स आवाज काळजीपूर्वक कापला. स्वच्छ सूर तेवढा राहिला.

काल दुपारी तालमीच्या हॉलमध्ये वाजवून दाखवला. आरमोरीकडच्या एका गावची माणसं बिरजूभाऊंना भेटायला आली होती, बाहेर चहा पीत होती. त्यातला एक म्हणाला, “राजदीप आला वाटते.” मला इतका आनंद झाला की मी तोच तुकडा पुन्हा वाजवला. घरी येईपर्यंत त्या आनंदाची लाज वाटायला लागली होती, पण झाला हे लपवत नाही.

पुढचं मात्र बिघडलं. नव्या नाटकात करिष्माचं मोठं गाणं आहे. क्लॅरिनेटचा तुकडा संपतो, मध्ये थोडी शांतता, आणि क्लॅरिनेटच्या पुढच्या सुराबरोबर तिनं उठायचं. ती चुकली. पुन्हा केलं, पुन्हा चुकली. सूर पुढे आणि ती मागे. करिष्मा! जिला प्रॉम्प्टरसुद्धा लागत नाही. बिरजूभाऊ ओरडले, झोपली का म्हणून.

“झोपली नाई भाऊ. हा क्लॅरिनेट श्वासच नाई घेत. मी कुठून शिरू?”

सगळे हसले. पत्रूभाऊ तबल्यावर थाप मारून म्हणाले, “मशीनले नाक बसवा मंग.”

नंतर तिनं मला बाजूला घेऊन समजावलं. प्रयोगात उजेड तिच्या डोळ्यांवर असतो, स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसलेला तू तिला दिसत नाहीस. ती तुझा श्वास ऐकते. तू आत घेतोस तेव्हा तीही घेते, आणि दोघं एकदम सुटता. मी म्हटलं, तुमचं हे कधी ठरलं? ती म्हणाली, “ठरलं कधीच नाई ताई. ते तसंच हाय.”

मी इतकी वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. मला हे माहीत नव्हतं. जे कचरा समजून कापलं, ते आता परत शोधून जोडायचं आहे.

रिना

वडसा, ३० सप्टेंबर

दादा,

हे पत्र वाचून झाल्यावर झिंगूभाऊंनाही वाचून दाखव. मी तसं का म्हणते, ते पुढे कळेल.

श्वास परत बसवायचा तर आधी चांगला श्वास निवडायला हवा. म्हणून सगळ्या सीझनमधून तुझे श्वास कापून घेतले आणि पट्टीवर ओळीनं लावले. डावीकडे सगळ्यात जुने, उजवीकडे गेल्या फाल्गुनातले. मग एकेक पट्टी दाबत ऐकत गेले. दुपार होती, मिल थांबलेली होती.

डावीकडचा श्वास लांब आणि भरलेला, घागर भरावी तसा. मधले जरा आखूड, पण सरळ. त्यापुढे तो मध्येच तुटायला लागतो. तू घेतोस, अडखळतोस, पुन्हा घेतोस. उजव्या टोकाला गेल्या वर्षीचे. त्यांच्यात एक बारीक शीळ आहे. मला वाटलं वायरचा दोष. दुसरी ध्वनिमुद्रणं लावली. तीच शीळ. मग मी तो जुना तुकडा शोधला, जो तू पूर्वी एका दमात वाजवायचास. गेल्या सीझनमध्ये त्यातच तू परत परत थांबतोस, आणि थांबा लपवायला सूर वळवतोस. ते वळण सुंदर आहे. मंडळवाले त्याची तारीफ करायचे. मीसुद्धा केली होती.

आईकडे गेले. विचारलं, दादाला दम लागत होता का? ती आधी म्हणाली, कोण म्हणते. मग बसली.

“निजताना दोन उशा घेई. आडवं पडलं का खोकला येई त्याले. मिलमधून आला का पांढराफटक, भुशानं. मी म्हनो, डॉक्टरले दाखव. तर त्यानं मले स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, रिनाले सांगशील तर पाय म्हनून.”

म्हणजे पावसाळाभर मिलचं काम आणि हिवाळाभर क्लॅरिनेट, आणि मला कळू द्यायचं नव्हतं. मग त्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्या मशीनकडे हात केलास, तो राग नव्हता. तुला निघायला एक कारण हवं होतं आणि मी शेजारीच बसले होते.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला हलकं वाटलं. मी तुला घालवलं नव्हतं. त्यानंतर भीती वाटली. आधी भीती वाटायला हवी होती.

आता विचारायचं ते हे. तू तिथून निघून ये आणि छाती तपासून घे. अहेरीला, गडचिरोलीला, चंद्रपूरला, कुठेही. काय आहे ते मला माहीत नाही, आणि अंदाज करून तुला घाबरवत नाही. पण ती शीळ मी ऐकली आहे. तू टाळशील, म्हणून झिंगूभाऊंनाही हे कळू दे.

दुसरं असं. बिरजूभाऊंनी नवीन तोड काढली आहे. श्वासासकट टोन ऐकून ते खूष झाले, करिष्माही आता बरोबर उठते. ते म्हणतात, मग पोस्टरवर राजदीपचंच नाव राहू द्या. “आवाज त्याचाच हाय ना? खड्ड्यात कोन बसलं, ते गाववाले वाकून पाहतात का?” मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझ्या आजाराचं त्यांना काही सांगितलेलं नाही. जागा तुझी राहावी म्हणून मी हे सगळं सुरू केलं होतं, आणि ती राहील असा हा रस्ता आहे. तरी हो म्हणायला जीभ उचलत नाही. तुझं म्हणणं लवकर कळव.

रिना

वडसा, ९ ऑक्टोबर

दादा,

माझ्याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुझं उत्तर आलं. ‘नाव राहू दे. कोणाला सांगू नको. बाकी तू वाजव.’ सात महिन्यांत तुझं हे पहिलं अक्षर.

या वेळी लच्छूला मी विचारलं नाही, तोच बोलला. तू गाडीपर्यंत आलास उत्तर द्यायला. घरापासून रस्ता तो किती. “दोनदा बसला, बाई. एकदा दगडावर, एकदा खालीच. झिंगूची बायको रुखमा मांगून पानी घेऊन आली. मले म्हनते, याच्या घरचे कोनी येत काऊन नाईत?”

मी रुखमाबाईंना कधी पाहिलेलं नाही. त्यांचा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे.

उद्या पोस्टरचा मजकूर पक्का होणार. तू एवढ्या महिन्यांत एकच गोष्ट मागितलीस, आणि ती देणं मला अगदी सोपं आहे. गप्प बसायचं, बस्स. आई म्हणते, त्याचं नाव तेवढं तरी ठेव. नाव राहिलं तर तुझी जागा राहील. तू बरा होऊन आलास तर येऊन बसशील, मी ‘दादा’ मिटवून टाकीन, कोणाला कळणारही नाही.

पण दुसरी बाजू अशी दिसते. नाव पोस्टरवर असेल, आवाज खड्ड्यातून येईल, करिष्मा तुझ्या श्वासावर उठेल. वडशापासून सिरोंच्यापर्यंत प्रत्येक गाव समजेल की राजदीप ठणठणीत आहे. मग तू कुठे आहेस, हे कोण विचारणार? मशीनमधला श्वास मी डाव्या टोकाचा घेतला आहे, भरलेला. तो संपणार नाही, दाबला की येईल. तू तिथे खाटेवर असशील आणि इथे तुझी कमी कोणालाच भासणार नाही. मी हा टोन जितका चांगला केला, तितकं तुला शोधायला जाण्याचं कारण कमी झालं.

कदाचित तुला हेच हवं आहे. आणि तुला हवं ते करण्याचा हक्क तुलाच असावा, असं मी वर्गात मुलांना शिकवते.

सकाळी बिरजूभाऊंकडे जायचं आहे. तिथे काय बोलेन, हे आत्ता मला माहीत नाही. लच्छू परवा निघून गेला, हे पत्र माझ्याकडेच राहील.

रिना

वडसा, १८ ऑक्टोबर

दादा,

पोस्टर छापून आलं. त्यावर तुझं नाव नाही. ते मी काढायला लावलं.

झालं ते जसंच्या तसं लिहिते. बिरजूभाऊंच्या ऑफिसात पत्रूभाऊ होते, करिष्मा होती. मजकूर टेबलावर होता, तुझी ओळ नेहमीच्या जागी. मी म्हटलं, ही ओळ काढा. बिरजूभाऊंना वाटलं, मला माझं नाव मोठं हवं आहे. तसं ते बोललेही. “भावाची जागा पायजे का आता?”

मी म्हटलं, “नाव छापायचं तर माणूस आणा. आवाज वाजवायचा तर मशीन म्हणून छापा. दोन्ही मिळून खोटं मी वाजवणार नाही.”

ते म्हणाले, मंडळवाले नाव पाहून नाटक नेतात, बाई. कंपनीत चाळीस माणसं आहेत. त्यांचंही खोटं नव्हतं. मग मी तुझा शब्द मोडला. दादा आजारी आहे, त्याचा दम जातो, तो भामरागडकडे पडून आहे आणि कोणाला कळू नये म्हणून तिथे गेला आहे, हे सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज मास्तरणीसारखा कोरडा निघत होता.

बिरजूभाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, “त्यानं मले काऊन नाई सांगतलं?” करिष्मा खाली बघत म्हणाली, तुझा श्वास आखूड झाल्याचं तिला दोन वर्षांपासून जाणवत होतं. “मले वाटे, भाऊचं वय झालं. मी माझा आलाप छोटा करून टाकला, त्याले थांबाले मिळावं म्हनून.” पत्रूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले की लय त्यांनीही उतरवली होती. म्हणजे खड्ड्यात आणि स्टेजवर ज्याला त्याला थोडं थोडं माहीत होतं. ज्यानं त्यानं तुला सांभाळून घेतलं, आणि तोंडानं कोणी विचारलं नाही.

पोस्टरवर आता ‘सिंथेसायझर : रिना’ आहे. क्लॅरिनेटची ओळच नाही. दोन मंडळांनी नाटक दुसऱ्या कंपनीला दिलं, ते माझ्यामुळे. आणि दसऱ्यापासून बिरजूभाऊंचा फोन थांबत नाही. राजदीप कुठी हाय? राजदीपले का झालं? बिरजूभाऊ आता खरं सांगतात. आरमोरीकडचा तो चहा पिणारा माणूस घरी येऊन गेला, आईशी बराच वेळ बोलत बसला. मला हेच हवं होतं असं वाटतं. पण तुझी जागा मी माझ्या हातानं घेतली, हेही तितकंच खरं आहे, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही. तू रागावशील. या वेळी तो खरा राग असेल.

आई काल दीक्षाभूमीहून परतली. तुझा शब्द मोडला म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. आज दुपारी मात्र माझ्या पिशवीत तुझं जुनं स्वेटर कोंबलेलं दिसलं.

‘दादा’ मशीनमध्ये आहे. पुसला नाही, वाजवतही नाही. पहिला प्रयोग दिवाळीनंतर आहे. तो वाजवायचा की नाही, हे तू मला तोंडावर सांगायचं. चिठ्ठी चालणार नाही.

हे आणि मागचं, दोन्ही पत्रं मी लच्छूकडे देणार नाही. तो पहाटे निघतो, पुढची सीट मोकळी ठेवायला सांगितली आहे. उद्या दुपारपर्यंत मी तुझ्यासमोर असेन. तू खाटेवरून उठला नाहीस तरी चालेल. परतीला गाडी रिकामी असते, मागे गादी टाकता येते, असं लच्छू स्वतःहून म्हणाला. तू नाही म्हणालास तर काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही.

रिना

उद्या : जाताना अहेरीला गाडी थांबवून विचारणे, छातीचा फोटो कुठे निघतो आणि किती वाजेपर्यंत.